निवडणुकीच्या हंगामात शहर आणि तालुका समिती चालवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या पक्ष कार्यकर्त्यांना गेल्या काही काळात उसंत मिळालेली नाही. एप्रिल-मे २०२४ मध्ये पाच टप्प्यांत लोकसभेचे मतदान झाले, २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे झाले आणि २०२२ पासून रखडलेल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ मधील आदेशानंतर मार्गी लागल्या. पुढील प्रश्न शहराध्यक्ष, तालुकाध्यक्ष, सरचिटणीस आणि खजिनदार या पदांवरील मंडळी पुन्हापुन्हा विचारतात. पक्ष कोणताही असला तरी उत्तरांत फारसा फरक पडत नाही.

समितीचे काम आणि उमेदवाराच्या प्रचारयंत्रणेचे काम वेगळे कसे?

उमेदवाराची यंत्रणा निकालाच्या दिवशी संपते, समिती मात्र दुसऱ्या दिवशीही कार्यालयाचे कुलूप उघडते. यादी, बूथरचना, पक्षाची अधिकृत कागदपत्रे, पक्षाच्या नावाने आलेला आणि गेलेला पैसा आणि कार्यकर्त्यांमधील संबंध ही समितीची जबाबदारी आहे. उमेदवाराची प्रतिमा, त्याची पदयात्रा, त्याची गाडी आणि त्याचे छायाचित्रकार ही त्याच्या माणसांची जबाबदारी आहे. हंगाम तापला की सगळे पदाधिकारी उमेदवाराच्या मागे फिरू लागतात आणि कार्यालयात फोन उचलायलाही कोणी उरत नाही. त्यामुळे किमान सरचिटणीस, खजिनदार आणि यादीचे काम पाहणारा एक जण यांनी मतदान होईपर्यंत प्रचारात फिरू नये, असे बैठकीतच ठरवून इतिवृत्तात नोंदवावे. त्यांना ते आवडणार नाही. निवडणुकीत व्यासपीठावर दिसण्याचा मोह कोणाला नसतो?

नियम कोणाचे पाळायचे, भारत निवडणूक आयोगाचे की राज्य निवडणूक आयोगाचे?

लोकसभा आणि विधानसभेसाठी भारत निवडणूक आयोगाचे, तर महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत यांसाठी राज्य निवडणूक आयोगाचे. दोन्ही आयोगांचे नमुने, खर्चमर्यादा आणि प्रचार संपण्याविषयीचे आदेश वेगळे असू शकतात. विधानसभेच्या वेळची माहिती डोक्यात ठेवून नगरपरिषदेचे काम करणारे पदाधिकारी हमखास अडचणीत येतात, म्हणून प्रत्येक निवडणुकीचा कार्यक्रम आणि आदेश नव्याने छापून कार्यालयात लावावेत. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. तिथे पॅनेल असतात आणि एकाच पक्षाचे लोक दोन पॅनेलांत विभागलेले असू शकतात. अशा गावात तालुका समितीने पत्रक काढून एका पॅनेलला पाठिंबा जाहीर करण्यापेक्षा गप्प राहणे बहुधा शहाणपणाचे ठरते.

मतदार यादीचे काम केव्हा सुरू करावे?

निवडणूक जाहीर झाल्यावर नाही, एवढे नक्की. स्थानिक निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोग स्वतंत्र यादी तयार करत नाही. विधानसभेची यादी ठरावीक तारखेला जशी असेल तशी घेऊन ती प्रभागांत विभागली जाते. तोपर्यंत ज्याचे नाव विधानसभेच्या यादीत आले नाही, त्याचे नाव प्रभागाच्या यादीतही येणार नाही. हरकतीच्या मुदतीत दुरुस्त होते ती मुख्यतः चुकीच्या प्रभागात गेलेली नावे आणि लेखनिकाच्या चुका. नवे नाव त्या टप्प्यावर घालता येत नाही, हे मतदाराला समजावून सांगताना कार्यकर्त्याच्या तोंडाला फेस येतो.

२०२२ पासून नाव नोंदणीसाठी वर्षात चार अर्हता तारखा, म्हणजे ज्या तारखेला वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात अशा तारखा, आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. अठरा वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलामुलींसाठी नमुना ६, नाव वगळण्याविषयीच्या हरकतीसाठी नमुना ७, पत्ता किंवा तपशील बदलण्यासाठी नमुना ८. मान्यताप्राप्त पक्षांना प्रत्येक मतदान केंद्रासाठी स्वतःचा प्रतिनिधी, म्हणजे बीएलए, नेमता येतो. सर्वसाधारण काळात तो मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे दिवसाला दहाच अर्ज एकत्रितपणे देऊ शकतो. शेवटच्या आठवड्यात गठ्ठे नेऊन टाकण्याची सवय या मर्यादेपुढे निरुपयोगी ठरते, म्हणून हे काम बारा महिने थोडे थोडे करणाऱ्या माणसाला समितीत पद द्यावे आणि त्याचे नाव बॅनरवर घ्यावे.

प्रभागाची अंतिम यादी हाती आली की तिचे भाग पाडून प्रत्यक्ष इमारतींशी ताडून पाहावे. पुनर्विकासासाठी पाडलेल्या इमारती, भाड्याने राहून गेलेली कुटुंबे, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुली आणि मृत व्यक्ती यांच्यापुढे खूण करावी. २०२५-२६ च्या स्थानिक निवडणुकांत संभाव्य दुबार नावांपुढे आयोगानेच दोन तारांकित खुणा केल्या होत्या. अशा मतदारांना आधीच भेटून ते कोणत्या केंद्रावर मतदान करणार हे विचारून ठेवले, तर मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर वाद होत नाहीत. नमुना ७ चा वापर मात्र विरोधकांच्या वस्तीतील नावे घाऊक कापण्यासाठी करू नये. खोटे निवेदन करणे हा गुन्हा आहे, आणि अशा कामाची वस्तीत कायमची आठवण राहते.

इच्छुकांचे अर्ज आणि मुलाखती यांची पद्धत कशी असावी?

बहुतेक ठिकाणी नाव वरूनच ठरते आणि मुलाखती हा उपचार असतो, असा समज आहे आणि तो अगदीच निराधार नाही. तरीही समितीने मुलाखती नीट घ्याव्यात, कारण तिकीट न मिळालेल्याला आपले ऐकून घेतले गेले की नाही हे त्याच दिवशी कळते आणि त्यावर पुढची बंडखोरी अवलंबून असते.

अर्ज छापील असावा, त्याला अनुक्रमांक आणि पोच द्यावी, आणि शुल्क घेतले असल्यास पक्षाची पावती द्यावी. मुलाखत घेणाऱ्यांत त्या प्रभागातून स्वतः इच्छुक असलेला किंवा इच्छुकाचा नातेवाईक असलेला पदाधिकारी नसावा. हे सांगावे लागू नये, पण सांगावे लागते. प्रश्न सर्वांना सारखेच विचारावेत आणि प्रत्येकाविषयीची टिपणे पक्षनिरीक्षकाकडे बंद पाकिटात द्यावीत. मुलाखतीच्या सभागृहातून बाहेर पडताच 'तुमचे नक्की आहे' असे कानात सांगणारे पदाधिकारी प्रत्येक पक्षात असतात आणि ते एकाच प्रभागात चौघांना तसे सांगतात. समितीच्या वतीने बोलण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला असावा.

पात्रतेची छाननी मुलाखतीपूर्वीच करावी. स्थानिक निवडणुकांत १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या अपत्यजन्मामुळे अपत्यांची संख्या दोनहून अधिक झाली असल्यास उमेदवारी अपात्र ठरते. राखीव जागेसाठी जातीच्या दाखल्यासोबत जात वैधता प्रमाणपत्र किंवा पडताळणी समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा लागतो. संस्थेच्या कराची थकबाकी, संस्थेशी असलेले कंत्राट आणि अनधिकृत बांधकाम याही बाबी तपासाव्यात. ही सर्व माहिती इच्छुकाच्या शब्दावर न घेता कागदावर पाहावी. महापालिकेच्या बहुसदस्यीय प्रभागात जागा अ, ब, क, ड अशा वेगळ्या असतात आणि प्रत्येक जागेचे आरक्षण वेगळे असते, त्यामुळे कोण कोणत्या अक्षराच्या जागेसाठी अर्ज भरणार हे लेखी ठरवून द्यावे.

एबी फॉर्मबाबत कोणती दक्षता घ्यावी?

हंगामातील सर्वांत महागडी चूक इथेच होते. ए फॉर्ममध्ये पक्षाच्या वतीने उमेदवार ठरवण्याचा अधिकार कोणाला आहे हे पक्षश्रेष्ठी कळवतात, आणि त्या अधिकृत व्यक्तीने उमेदवाराचे नाव कळवण्याचे पत्र म्हणजे बी फॉर्म. विधानसभेच्या निवडणुकीत हे दोन्ही अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ वाजेपर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचावे लागतात. त्यावर शाईची प्रत्यक्ष सही लागते, छायाप्रत किंवा सहीचा रबरी शिक्का चालत नाही. स्थानिक निवडणुकांतही मुदतीबाबत हीच कडक भूमिका असते. ३ वाजून ५ मिनिटांनी पोहोचलेल्या फॉर्मसाठी कोणाचाही फोन उपयोगी पडत नाही, आणि पडूही नये.

बी फॉर्ममधील नाव मतदार यादीतील नावाशी अक्षरशः जुळवावे. प्रभाग आणि जागेचे अक्षर दोनदा तपासावे. पर्यायी उमेदवाराचा रकाना रिकामा सोडू नये, कारण मुख्य उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला तर पक्षाच्या चिन्हावर लढायला दुसरे कोणी उरत नाही. शेवटच्या क्षणी नाव बदलले असेल तर आधीचा फॉर्म रद्द केल्याचे नव्या पत्रात स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे, नाहीतर दोघेही पक्षाचे उमेदवार असल्याचा दावा करत छाननीला उभे राहतात. फॉर्म कोणाच्या हाती, कधी आणि कोणासमक्ष दिला याची नोंदवही ठेवावी. वरिष्ठ मंडळी बंडखोरी टाळण्यासाठी फॉर्म शेवटच्या तासापर्यंत दाबून ठेवतात. त्यात काही प्रमाणात बंडखोरी टळते, पण अर्ज बाद होण्याची शक्यता तितकीच वाढते. स्थानिक समितीने हा धोका वरिष्ठांना लेखी कळवलेला असावा.

तिकीट नाकारलेल्या निष्ठावंतांचे काय करायचे?

वर्षानुवर्षे सतरंज्या उचलणाऱ्याला डावलून आदल्या आठवड्यात पक्षप्रवेश केलेल्याला उमेदवारी मिळते तेव्हा तो निर्णय समितीने घेतलेला नसतो, पण शिव्या समितीला खाव्या लागतात. नाव जाहीर होण्याआधी अध्यक्षाने स्वतः त्या कार्यकर्त्याच्या घरी जाऊन सांगावे. त्याला बातमी व्हॉट्सॲपवरून कळणे हा खरा अपमान आहे. स्वीकृत सदस्यपद, महामंडळ, पुढच्या वेळचे तिकीट अशी आश्वासने देऊ नयेत. अधिकार नसताना दिलेला शब्द पुढच्या निवडणुकीत आपल्याच अंगावर येतो. अर्ज मागे घेण्याच्या मुदतीपर्यंत समजूत काढत राहावे. मुदत उलटल्यावर अपक्ष राहिलेल्यावर कारवाई करायची असेल तर पक्षघटनेनुसार नोटीस देऊनच करावी. कारवाईचे पत्र वर्तमानपत्राला आधी आणि संबंधिताला नंतर, ही पद्धत बरी नाही.

युती किंवा आघाडी असेल तर स्थानिक समितीची भूमिका कोणती?

मित्रपक्षाच्या वाट्याला गेलेल्या जागेवर प्रामाणिकपणे काम करणे, किंवा करणार नसाल तर तसे वरिष्ठांना आधीच सांगणे. 'मैत्रीपूर्ण लढत' हा शब्द मुंबईत बसून वापरायला सोपा आहे. एकाच गल्लीत दोन झेंडे घेऊन फिरणाऱ्या कार्यकर्त्यांमध्ये त्या मैत्रीचा पत्ता नसतो. संयुक्त बैठकीचे ठिकाण, पत्रकावरील छायाचित्रांचा क्रम आणि सभेतील बोलण्याचा क्रम आधी ठरवावा. निम्मी भांडणे याच तीन गोष्टींवरून होतात.

खर्चाचा हिशेब कोणी आणि कसा ठेवायचा?

खर्च दोन प्रकारचा असतो आणि तो एकाच वहीत लिहिला की गोंधळ होतो. पहिला उमेदवाराचा खर्च. विधानसभेसाठी २०२२ पासून महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात त्याची मर्यादा ४० लाख रुपये आणि लोकसभेसाठी ९५ लाख रुपये आहे. स्थानिक संस्थांसाठी राज्य निवडणूक आयोग संस्थेच्या वर्गानुसार मर्यादा ठरवतो. दुसरा पक्षाचा सर्वसाधारण प्रचाराचा खर्च, म्हणजे ज्यात कोणत्याही विशिष्ट उमेदवाराचे नाव किंवा छायाचित्र नाही असा. व्यासपीठावर उमेदवार बसला किंवा मागच्या फलकावर त्याचे छायाचित्र आले की सभेचा खर्च त्याच्या खात्यात जातो. मोठ्या नेत्याची सभा मागून घेणाऱ्या उमेदवाराला हे आधी सांगितलेले बरे.

विधानसभेच्या उमेदवाराने अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते. एका व्यक्तीला किंवा संस्थेला रोखीने द्यायच्या रकमेची मर्यादा १०,००० रुपये आहे. प्रचारकाळात हिशेबाची वही किमान तीनदा तपासणीसाठी न्यावी लागते आणि निकालानंतर ३० दिवसांत संपूर्ण हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे दाखल करावा लागतो. तो न देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येते, आणि हे पराभूत उमेदवारालाही लागू आहे. स्थानिक निवडणुकांत हिशेब न दिल्यास राज्य निवडणूक आयोगही अपात्रतेची कारवाई करतो.

प्रशासन चहा, वडापाव, खुर्ची, मंडप, ध्वनिक्षेपक, टोपी, उपरणे यांचे दरपत्रक जाहीर करते आणि तुमचे बिल कितीही कमी असले तरी निरीक्षकाचे पथक आपल्या छाया नोंदवहीत, म्हणजे उमेदवाराच्या खर्चाची स्वतंत्रपणे ठेवलेल्या वहीत, त्या दरानेच खर्च धरते. म्हणून खजिनदाराने रोज रात्री दिवसभराची बिले घेऊनच घरी जावे. 'नंतर एकत्र करू' असे म्हणणाऱ्या मंडपवाल्याचे बिल महिनाभराने येते, तेव्हा त्यात दुसऱ्याच उमेदवाराच्या खुर्च्या असतात.

देणग्या पक्षाच्या अधिकृत पावतीवरच घ्याव्यात. दोन हजार रुपयांहून अधिक देणगी रोखीने घेतल्यास पक्षाची आयकर सवलत धोक्यात येते. धनादेश पक्षाच्या नावाने घ्यावा, पदाधिकाऱ्याच्या नावाने कधीच नाही.

पत्रके, फ्लेक्स आणि समाजमाध्यमांवरील मजकूर यांविषयी कोणते नियम आहेत?

प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते छापणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ नुसार बंधनकारक आहे. उल्लंघनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. निनावी पत्रकाने विरोधकाची बदनामी करण्याचा सल्ला देणारा उत्साही कार्यकर्ता दर निवडणुकीत भेटतो. त्याला दुसरे काम द्यावे. फ्लेक्ससाठी संस्थेची परवानगी आणि जागामालकाची लेखी संमती हवी. महाराष्ट्रात १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा आहे आणि आचारसंहिता लागताच पथके जुने वाढदिवसाचे फ्लेक्सही उतरवतात, त्यामुळे ते आपणच आधी काढून घ्यावेत.

दूरचित्रवाणी, केबल आणि समाजमाध्यमांवरील सशुल्क जाहिरातीसाठी माध्यम प्रमाणन समितीची पूर्वमान्यता घ्यावी. व्हॉट्सॲप गटांबाबत माझे मत असे की समितीचा अधिकृत गट फक्त सूचनांसाठी असावा आणि त्यात लिहिण्याचा अधिकार दोघातिघांनाच द्यावा. जात, धर्म किंवा विरोधी उमेदवाराच्या कुटुंबाविषयीचा मजकूर कोणी टाकला तर तो तत्काळ हटवून त्याची नोंद ठेवावी. प्रचारफेरीत लहान मुलांच्या हाती झेंडे देऊ नयेत. आयोगाने त्यास मनाई केली आहे.

महिला उमेदवार आणि महिला आघाडी यांना समितीने कसे वागवावे?

२०११ पासून राज्यातील स्थानिक संस्थांत ५० टक्के जागा महिलांसाठी राखीव आहेत, तरीही आरक्षणाची सोडत निघाली की समितीत पहिला प्रश्न 'वहिनींना उभे करायचे का' असा येतो. बारा महिने हळदीकुंकू, बचतगट आणि रेशन कार्यालयाच्या चकरा सांभाळणारी कार्यकर्ती समोर असताना तिला न विचारता माजी नगरसेवकाच्या पत्नीचे नाव पुढे करणे हे अन्याय्य तर आहेच, पण मतांच्या दृष्टीनेही आळशीपणाचे आहे. ज्या गल्लीत ती घरात जाऊन बसते, तिथे पुरुष पदाधिकाऱ्याला दारातूनच पत्रक द्यावे लागते. महिला उमेदवाराच्या वतीने पतीने अधिकाऱ्यांशी बोलणे समितीने थांबवावे. बैठकांची वेळही रात्री १० नंतरची नसावी.

मतदानाच्या दिवसाची तयारी कशी करावी?

प्रत्येक केंद्रासाठी आतले आणि बाहेरचे असे दोन गट करावेत. आत बसणारा मतदान प्रतिनिधी शक्यतो त्याच केंद्राच्या यादीतील असावा, कारण तो चेहरे ओळखतो. विधानसभेसाठी त्याची नेमणूक नमुना १० मध्ये होते. तिथे मतदान सुरू होण्याच्या ९० मिनिटे आधी अभिरूप मतदान, म्हणजे यंत्र तपासण्यासाठीचे चाचणी मतदान, घेतले जाते आणि त्यात किमान ५० मते नोंदवली जातात. प्रतिनिधी उशिरा आला म्हणून ते थांबत नाही. त्याने यंत्राचे आणि मोहरांचे क्रमांक टिपून घ्यावेत. एखाद्या मतदाराच्या ओळखीबाबत खरोखर शंका असेल तर दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो, पण प्रत्येक अनोळखी चेहऱ्यावर आक्षेप घेत बसणारा प्रतिनिधी रांग लांबवतो आणि त्यात आपलेही मतदार परततात. मतदान संपल्यावर नमुना १७-सीची, म्हणजे त्या केंद्रावर नोंदवलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत घेतल्याशिवाय कोणी केंद्र सोडू नये. मतमोजणीच्या दिवशी एकूण मतांचा मेळ घालण्यासाठी तोच कागद लागतो.

बाहेरचे टेबल केंद्रापासून २०० मीटरच्या पलीकडे असावे आणि १०० मीटरच्या आत प्रचार करू नये. तिथे यादी, कोऱ्या चिठ्ठ्या आणि पाणी एवढेच असावे. मतदारांना गाडीने आणण्याची सोय उमेदवाराने किंवा समितीने करणे हा भ्रष्ट आचार ठरतो. ८५ वर्षांवरील आणि निकषांत बसणाऱ्या दिव्यांग मतदारांना विधानसभा व लोकसभेसाठी घरून मतदानाची सोय आहे, पण त्यासाठीचा नमुना १२-डी अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो, म्हणून अशा मतदारांची यादी आधीच तयार हवी. बहुसदस्यीय प्रभागात जागा तितक्या वेळा बटण दाबायचे असते, हे वयस्कर मतदारांना घरी जाऊन नमुना मतपत्रिकेवर दाखवावे. पहिल्याच बटणानंतर निघू पाहणारे मतदार कमी नसतात.

दुपारी १ आणि ४ वाजता प्रत्येक टेबलावरून न आलेल्यांची नावे कार्यालयात यावीत. जेवणाचे डबे १२ च्या आत पोहोचवावेत. उपाशी कार्यकर्ता ३ वाजता घरी जातो आणि परत येत नाही.

कार्यकर्त्यांना पैसे द्यावेत का?

प्रवास, जेवण आणि पेट्रोल यांचा प्रत्यक्ष खर्च बिलावर द्यावा. रोजंदारीवर माणसे आणली असतील तर त्यांची मजुरी खर्चात दाखवावी आणि त्यांना कार्यकर्ते म्हणू नये. मतदारांना वाटण्यासाठी पैसे आले तर ते समितीच्या कार्यालयात ठेवू देऊ नयेत. लाच देणे हा गुन्हा आहे, आणि भरारी पथक आले की अडकतो तो कार्यालयात बसलेला साधा माणूस, पाकीट पाठवणारा नव्हे.

निकालानंतर समितीचे काम संपते का?

वाढते. महापालिका किंवा नगरपरिषदेत निवडून आलेल्या सदस्यांच्या गटाची नोंदणी मुदतीत करून घ्यावी, कारण १९८६ च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अपात्रता कायद्याखाली पुढे पक्षांतराचा प्रश्न आला तर गटनेता कोण आणि पक्षादेश कोणी काढला हे त्या कागदांवरून ठरते. पराभूत उमेदवारांसह सर्वांचे खर्चाचे हिशेब ३० दिवसांत दाखल झाल्याची पोच कार्यालयात जमा करून घ्यावी. भाड्याच्या खुर्च्या आणि ध्वनिक्षेपक परत करून, कार्यालयाची अनामत परत घेऊन थकीत बिले त्याच महिन्यात भागवावीत, कारण पराभूत उमेदवाराचा फोन हळूहळू लागेनासा होतो. आणि खुणा केलेल्या याद्या रद्दीत जाण्याआधी यादीप्रमुखाने केंद्रनिहाय बांधून कपाटात ठेवाव्यात. त्यांतील मृत व स्थलांतरित नावांचे नमुना ७ आणि ८ पुढच्या अर्हता तारखेपूर्वी भरायचे आहेत.